पिवळी बाटली सावकाश जाऊ द्या

मालेगाव-धुळ्याकडून येणारी ॲम्ब्युलन्स असो की सिन्नरकडून येणारी, नाशकात शिरताना तिला द्वारका चौक चुकत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथेच एकमेकांना भेटतात. या चौकाच्या आसपासच्या दवाखान्यांत माझी नर्सिंगची सगळी नोकरी झाली. शेवटची बरीच वर्षं वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते.

२०२१ च्या उन्हाळ्यात इथली माणसं आधीच हादरलेली होती. २१ एप्रिलला चौकापासून जवळच असलेल्या महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ते दुःख ओसरायच्या आत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे कोविडमागोमाग आलेल्या बुरशीच्या आजाराचे, रुग्ण यायला लागले. एका बाजूचा गाल सुजलेला, पापणी खाली आलेली, वरचे दात हलणारे. त्या जुलैपर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, आणि सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रात.

या आजारावर शिरेतून द्यायचं मुख्य औषध म्हणजे अँफोटेरिसिन-बी. पिवळ्या रंगाचं, नखरेल आणि महागडं. ते देताना जे शिकले ते इथे लिहिते आहे. डॉक्टरांना मी काय सांगणार, त्यांच्याकडूनच तर शिकले. हे आहे पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्या नातेवाइकांसाठी आणि नव्याने ड्युटीवर आलेल्या मुलींसाठी.

१. नाव एक, औषधं दोन. खोका वाचल्याशिवाय हात लावू नका.

सगळ्यांत आधी हे, कारण यात जीव जातो. हे औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकडच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालं. तेव्हापासूनचं जे जुनं रूप, त्याला आम्ही वॉर्डात ‘साधं अँफो’ म्हणतो. दुसरं लायपोसोमल. त्यात औषध चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरलेलं असतं, त्यामुळे किडनीला त्रास कमी होतो. म्युकरमध्ये साध्याचा डोस वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण १ ते दीड मिलिग्रॅम, लायपोसोमलचा ५ ते १०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधं ६० मिलिग्रॅम पुरतं, तिथे लायपोसोमल किमान ३०० लागतं. आता कुणी लायपोसोमलच्या हिशेबाने साधं अँफो चढवलं तर? हृदय बंद पडू शकतं. शीशी दोन्हींची ५० मिलिग्रॅमचीच, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात नावही तेच. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं. २०२१ मध्ये या औषधाची टंचाई होती, तेव्हा आज हे मिळे, उद्या ते. एकाच पेशंटसाठी दोन्ही प्रकार फ्रीजमध्ये शेजारी-शेजारी असत. दोघींनी मिळून खोका मोठ्याने वाचायचा आणि मगच शीशी फोडायची, असा दंडक आमच्या वॉर्डात होता. मुली कंटाळायच्या. मी ऐकलं नाही.

जाता जाता सांगते, लायपोसोमल अँफो काही फक्त परदेशातून आलेलं नाही. नव्वदच्या दशकात दिल्ली विद्यापीठातले प्रा. बछावत आणि मुंबईच्या केईएममधल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या कामातून एक देशी लायपोसोमल औषध तयार झालं. वापरण्याआधी ते सोनिकेटर नावाच्या यंत्रात हलवून घ्यावं लागतं, आणि ते द्यायची रीतही इतरांपेक्षा वेगळी. म्हणून पुन्हा तेच: खोक्यातला कागद वाचा.

२. शुगरच्या पेशंटला ग्लुकोज? हो, देतात.

यावरून वॉर्डात जितकी भांडणं झाली तितकी कशावरून झाली नसतील. घरच्यांना सांगितलेलं असतं की साखर वाढल्यामुळे हा आजार बळावला. आणि सिस्टर येऊन ग्लुकोजची बाटली टांगते! एका पेशंटच्या मुलाने तर माझ्या हातातली बाटलीच धरली. “ओ सिस्टर, चारशे शुगर आहे आईची, दिसत नाही का?”

त्याचं चुकलं नव्हतं, पण माझंही नव्हतं. अँफोटेरिसिन साध्या सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात टाकलं की त्याचा साका होतो. म्हणून बहुतेक ब्रँड पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे लागतात, आणि नळीही आधी व नंतर डेक्स्ट्रोजनेच धुवायची. पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. डॉक्टर तेवढं इन्शुलिन वाढवून देतात, शुगर वरचेवर तपासली जाते. त्या मुलाला मी हे कागदावर आकडे मांडून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तोच बाकीच्या नातेवाइकांना समजावत होता, तेही माझ्यापेक्षा बऱ्या भाषेत.

३. थेंब वाढवू नका.

साधं अँफो चार ते सहा तास चालतं. लायपोसोमल साधारण दोन तास. रात्री अकराला लावलेली बाटली पहाटेपर्यंत संपत नाही, तेव्हा एखादा काका हळूच चाक फिरवून थेंब वाढवतो. त्याला वाटतं, बिचाऱ्याला लवकर झोप मिळेल. असं कधीही करू नका. हे औषध वेगाने गेलं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम चढून हृदयाचे ठोके बिघडतात. शक्य असेल तिथे पंपावरच लावा, म्हणजे चाकच नको.

साधं अँफो सुरू झालं की तास-दोन तासांत हुडहुडी भरते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतोच. दात वाजायला लागतात, पलंगाचं रेलिंग खडखडतं, तीन पांघरुणं टाकली तरी माणूस म्हणतो, “सिस्टर, पंखा बंद करा,” आणि पंखा बंदच असतो. मग ताप येतो. अमेरिकेतले डॉक्टर या औषधाला थट्टेने ‘अँफोटेरिबल’ म्हणतात ते उगाच नाही. यासाठीच आधी पॅरासिटामॉल आणि एविल दिलेलं असतं. तरीही थंडी आली तर औषध थोडा वेळ थांबवतात, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हुडहुडीचं इंजेक्शन देतात आणि पुन्हा सावकाश सुरू करतात. नातेवाइकाने एवढंच करायचं: बेल वाजवायची आणि हात धरून बसायचं. पुढच्या डोसांना बहुतेकांची थंडी कमी होत जाते, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. नाहीतर दुसऱ्या दिवशी पिवळी बाटली दिसली तरी अंग चोरतात.

४. लघवी मोजा. लाजू नका.

या औषधाचा सगळा राग किडनीवर निघतो. म्हणून साधं अँफो सुरू करण्याआधी सलाइनची बाटली चढवतात, त्याने किडनीला आधार मिळतो. मग नळी डेक्स्ट्रोजने धुवायची आणि औषध लावायचं. दर एक-दोन दिवसांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासतात. नातेवाईक विचारतात, “रोज रोज रक्त काढता, पेशंटला रक्त राहील का?” राहतं. दोन-चार मिलिलिटर घेतो आम्ही.

पण रक्ताच्या रिपोर्टइतकीच महत्त्वाची खबर देते ती लघवी. किती पाणी प्यायलं, किती सलाइन गेलं, किती लघवी झाली, याचा तक्ता पलंगाला लटकवलेला असतो आणि तो नातेवाइकांच्या भरवशावर चालतो. पुरुष पेशंट बाथरूमला जाऊन येतात आणि सांगतात, “झाली भरपूर.” भरपूर म्हणजे किती? मापाचं भांडं वापरा, आकडा लिहा. आमच्या वॉर्डात निफाडच्या बाजूच्या एक आजी होत्या, अक्षर ओळख नव्हती. नवऱ्याच्या भांड्यावर त्या खडूने रेघ मारून ठेवत आणि सकाळी मला बोलावून दाखवत. आम्हाला त्यावर विसंबून राहता यायचं.

पोटॅशियम घसरलं की पाय गळतात, पोटऱ्यांत गोळे येतात, छातीत धडधड होते. साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये ते असायला हवं. त्यासाठी जे सिरप देतात त्याची चव वाईट असते, हे मान्य. पाण्यात मिसळून घ्या, पण घ्या. “सिरप नको, शहाळं देतो,” म्हणणारे खूप भेटले. शहाळं चांगलंच आहे, पण या औषधाने रोज जे पोटॅशियम जातं ते शहाळ्याने भरून येत नाही. आणि मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही पोटॅशियम द्या, टिकत नाही. रिपोर्टमध्ये मॅग्नेशियमचा आकडा नसेल तर डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

५. शिरा जपा.

साध्या अँफोने शीर सुजते, लाल होते, दोरीसारखी कडक लागते. इंट्राकॅथच्या जागी जळजळ झाली की लगेच सांगा. उपचार काही आठवड्यांचा आहे, हाताच्या शिरा संपल्या तर पुढे काय? लांबचा उपचार दिसत असेल तर सेंट्रल लाइन किंवा पिकलाइन, म्हणजे मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, आधीच टाकलेली बरी.

६. “आम्ही बागेला मारतो तेच का हे?”

हा प्रश्न फक्त नाशकातच येणार. पिंपळगाव बसवंतकडचा एक द्राक्ष बागायतदार भावाजवळ बसलेला असायचा. त्याने एकदा फाइलमधलं पोसाकोनॅझोल हे नाव वाचलं आणि म्हणाला, “सिस्टर, भुरी रोगाला आम्ही हेक्झाकोनॅझोल मारतो. एकाच घरची दिसतात दोघं.”

मी हसले, पण डॉक्टरांनी सांगितलं की तो बरोबर आहे. द्राक्षावर भुरीसाठी फवारतात ती बरीचशी औषधं आणि माणसाला देतात ती व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल, आयसाव्हुकोनॅझोल ही एकाच कुळातली. बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, तो बनूच द्यायचा नाही हे या कुळाचं काम. अँफोटेरिसिन वेगळं. ते तयार असलेल्या अर्गोस्टेरॉललाच जाऊन धरतं आणि आवरण गळकं करतं. आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल थोडंफार त्या अर्गोस्टेरॉलसारखंच, म्हणून त्याची झळ आपल्यालाही बसते.

यातून शिकायचं एवढंच की बुरशीचं प्रत्येक औषध प्रत्येक बुरशीला चालत नाही. गजकर्णाला जी फ्लुकोनॅझोलची गोळी लोक मेडिकलमधून परस्पर आणतात, तिचा म्युकरवर काही उपयोग नाही. व्होरिकोनॅझोल ॲस्परजिलस या बुरशीला उत्तम, म्युकरला नाही. आयसीयूत रक्तात कॅन्डिडा ही बुरशी वाढते तेव्हा कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन लावतात, तीही म्युकरला कुचकामी. म्हणून नाकातला तुकडा काढून कोणती बुरशी आहे ते पाहायला केओएच तपासणी आणि कल्चर होतं, त्याच्या पैशाला नाही म्हणू नका. बागायतदाराला हे पटवावं लागलं नाही. डाउनी या द्राक्षाच्या दुसऱ्या रोगाचं औषध भुरीला चालत नाही हे तो मला शिकवू शकला असता. उलट त्याने विचारलं, बागांत इतकी फवारणी होते, मग माणसातली बुरशीसुद्धा औषधाला दाद देईनाशी होईल का? ॲस्परजिलसच्या बाबतीत तसं घडलेलं आहे. नेदरलँड्समध्ये त्याचा संबंध शेतीतल्या फवारणीशी जोडला गेला, आणि आपल्या देशातही तसे नमुने सापडले आहेत. वॉर्डातल्या गप्पांत मला भेटलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न.

७. शिशांचा हिशेब पहिल्या दिवशी करा.

६० किलोचा माणूस, दिवसाला सहा शिशा लायपोसोमल. तीन आठवडे धरले तर सव्वाशेच्या वर. २०२१ च्या मे महिन्यात एका शीशीची किंमत सात हजारांपर्यंत होती. म्हणजे दिवसाचे चाळीस हजार, फक्त औषधाचे. तेही मिळालं तर. गोळे कॉलनीतल्या घाऊक दुकानांत फेऱ्या मारून, मुंबई-पुण्याला फोन करून माणसं रिकाम्या हाताने परत यायची. पुढे वाटप सरकारी यंत्रणेमार्फत सुरू झालं. पंचवीस मागितल्या तर कधी दहा यायच्या, आणि त्या कुणाला द्यायच्या हे डॉक्टरांना ठरवावं लागायचं. ते ठरायचं त्या खोलीत मी उभी असायचे. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

मे अखेरीला वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने अँफोटेरिसिनचं इमल्शन, म्हणजे आणखी एक वेगळं रूप, १२०० रुपयांत काढायला घेतलं. १२ जूनला जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्य केला. राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत म्युकरचा उपचार घेतला. चांगली कामं होती, उशिरा झाली.

आता टंचाई नाही, पण खर्च आहे. म्हणून दाखल होताना तीन गोष्टी विचारा: कोणतं अँफो देणार, किती दिवस, आणि हे रुग्णालय योजनेत आहे का. योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर नाही. पैसे नसतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. किडनी ठीक असेल आणि तपासण्या नीट होणार असतील तर साध्या अँफोनेही माणसं बरी झालेली मी पाहिली आहेत. दागिने मोडण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा.

आणखी एक सूचना. शीशी बाहेरून आणायची वेळ आली तर फ्रीजच्या थंडीत आणायची, दोन ते आठ अंशांत. थर्माकोलच्या डब्यात बर्फाला चिकटवून आणली आणि गोठली तर लायपोसोमल वाया जातं. मध्ये कागदाचा जाड थर ठेवा.

८. औषध पोचत नाही तिथे सुरी लागते.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि त्या बंद करते. वाहिनी बंद, म्हणजे पुढचं मांस मरतं. काळं दिसतं ते हेच मेलेलं मांस. आता तिथे रक्तच जात नाही तर रक्तातून जाणारं औषध कसं जाईल? म्हणून नाक-कान-घशाचे सर्जन आत दुर्बीण घालून ते सगळं खरवडून काढतात. कधी टाळू, वरचा जबडा, कधी डोळासुद्धा काढावा लागतो. “आधी इंजेक्शनं देऊन बघू, ऑपरेशनचं नंतर पाहू,” असं म्हणणाऱ्या घरांत चार-पाच दिवस जातात, आणि तेवढ्यात आजार डोळ्यामागे पोचतो. ऑपरेशन करून औषध टाळणं हेही तितकंच घातक.

टाळू काढलेल्या पेशंटला दाताचे डॉक्टर प्लेट बसवून देतात. ती नसताना पाणी प्यायलं की नाकातून येतं, आणि बोलणं कुणाला कळत नाही. एक शिक्षक होते, प्राथमिक शाळेतले. प्लेट बसवल्यावर आरशासमोर बसून ते बाराखडी म्हणायचे. ‘क’ आणि ‘ग’ जमत नव्हते. शेजारचे पेशंट आधी हसले, मग त्यांच्याबरोबर म्हणायला लागले.

९. साखर आणि स्टेरॉइड.

साखर चारशेवर आणि अँफो चालू, याला उपचार म्हणत नाहीत. बाटली टांगली की घरचे निर्धास्त होतात आणि डब्यात आमरस येतो. मे महिना होता, समजू शकते. तरी डबा परत पाठवला. स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे जीव वाचवले, पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांनी फोनवर आलेली चिठ्ठी बघून त्याच गोळ्या आठवडे-आठवडे घेतल्या आणि म्युकरला वाट मोकळी झाली. कोविड गेला, ती सवय गेलेली नाही. दम्याला, सांध्याला, अंगाच्या खाजेला अजूनही परस्पर घेतात.

१०. बाटली संपली म्हणजे आजार संपला असं नाही.

अँफोनंतर पोसाकोनॅझोल किंवा आयसाव्हुकोनॅझोलच्या गोळ्या काही आठवडे, कधी काही महिने चालतात. पोसाकोनॅझोलच्या गोळ्या पहिल्या दिवशी दोनदा आणि नंतर दिवसातून एकदा, जेवणाबरोबर. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी या औषधाचं जमत नाही, म्हणून घरातली सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. बरं वाटलं की लोक गोळ्या सोडतात आणि दुर्बिणीच्या तपासणीला येत नाहीत. द्वारकेला भाजी घ्यायला आले तरी वर दवाखान्यात येत नाहीत!

आणि ज्यांच्या घरात मधुमेह आहे, कुणाची केमो चालू आहे किंवा किडनी बदललेली आहे, त्यांना विनंती. गालाला एकाच बाजूने बधिरपणा किंवा दुखणं, नाकातून काळसर-रक्तमिश्रित पाणी, वरचे दात अचानक हलणं, एकाचे दोन दिसणं, टाळूवर काळा डाग. यातलं एकही दिसलं तर सर्दीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि शेवटचा शुगर रिपोर्ट बरोबर न्या.